मंजुरी दिलीत, पुढची वीस वर्षे कोण सांभाळणार? जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती (जीईएसी),
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग, नवी दिल्ली.

विषय : जनुकीय पिकांना परवानगी दिल्यानंतरची जबाबदारी.

सन्माननीय सदस्यहो,

जनुकीय बदल केलेल्या पिकांविषयी तुमच्याकडे बहुधा दोन प्रकारची पत्रे येत असतील. ही पिके म्हणजे विष आहे, ती ताबडतोब बंद करा, असे एका प्रकारात लिहिलेले असते. शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य द्या, तुम्ही मध्ये पडू नका, असे दुसऱ्यात असते. मी वऱ्हाडातला, कोरडवाहू कापूस करणाऱ्या घरातला. बीटी कापसाने, म्हणजे अळीला मारणारे जनुक घातलेल्या कापसाने, आमच्या भागाला काय दिले ते आम्ही पाहिले आणि ते आमच्या हातून कसे निसटले तेही पाहिले. त्यामुळे या दोन्ही पत्रांवर मला सही करता येत नाही. माझे मागणे वेगळे आहे. एखाद्या पिकाला मंजुरी देण्याआधी त्याची पुढची वीस वर्षे कोण सांभाळणार, ते ठरवा, लिहून काढा आणि जाहीर करा.

आधी फायद्याचे बोलतो, कारण तो खरा होता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कपाशीवर हिरव्या बोंडअळीने थैमान घातले होते. पायरेथ्रॉइड गटातली औषधे तिला लागू पडेनाशी झाली होती. देशातल्या एकूण पेऱ्यात कापसाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, पण देशात खपणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या त्याच्यावर पडत. फवारणीमागून फवारणी करूनही वेचणीला किडकी बोंडेच हाती यायची. २६ मार्च २००२ रोजी तुमच्या समितीने मेक १२, मेक १६२ आणि मेक १८४ या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्यांत बॅसिलस थुरिंजिएन्सिस (यावरूनच बीटी) या मातीतल्या जिवाणूकडून घेतलेले क्राय १ एसी हे जनुक होते. त्यामुळे झाडाच्या पेशींतच एक प्रथिन तयार होते. बोंडअळीने ते खाल्ले की तिच्या आतड्याच्या अस्तराला छिद्रे पडतात, ती खाणे सोडते आणि मरते. ज्या किडींच्या आतड्यात त्या प्रथिनाला चिकटायला जागा आहे तेवढ्याच मरतात. मधमाशी, ढालकिडा, गाय आणि माणूस यांना त्याची बाधा होत नाही. सगळ्या किडींना सरसकट मारणाऱ्या फवाऱ्याशी तुलना केली तर ही फार मोठी सुधारणा होती.

२००२-०३ मध्ये देशाची कापूस उत्पादकता हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई होती. २००७-०८ पर्यंत ती साडेपाचशेच्या घरात गेली. हे सगळे श्रेय एका जनुकाचे नाही. गुजरातेत याच काळात पाणी अडवण्याची मोठी कामे झाली, संकरित बियाण्याखालचे क्षेत्र वाढले, खत वाढले, इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया आली, पाऊसही बरा झाला. तरीही बोंडअळीवरच्या फवारण्या झपाट्याने घटल्या, याविषयी वाद नाही. २०१४ साली क्लुम्पर आणि कैम या जर्मनीतल्या संशोधकांनी जगभरातले १४७ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. जनुकीय पिकांमुळे कीटकनाशकांचा वापर सरासरी ३७ टक्क्यांनी घटला, उत्पादन २२ टक्क्यांनी आणि नफा ६८ टक्क्यांनी वाढला, असे त्यांना आढळले. गरीब देशांतल्या शेतकऱ्याला हा फायदा अधिक झाला, असेही त्यात दिसते. बीटीने शेतकऱ्याला काहीच दिले नाही असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांआड करू नयेत.

आता याच फायद्याचे पुढे काय झाले ते पाहू. तुमच्याच परवानगीत एक अट होती. बीटी कपाशीच्या चोहोबाजूंनी नॉन-बीटीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी नॉन-बीटी कपाशी लावायची. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे रेफ्युजी पाकीट येत असे. या अटीमागचे शास्त्र पक्के आहे. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की जिच्यावर बीटीचा परिणाम होत नाही. तिचा पतंग झाला आणि त्याला जोडीदारही तसाच मिळाला, तर पुढची सगळी पिढी बीटी पचवणारी निघते. शेजारी नॉन-बीटीवर वाढलेले भरपूर साधे पतंग असले, तर त्यांच्याशी संकर होऊन पिल्ले पुन्हा बीटीने मरणारी होतात. रेफ्युजी हे बीटीचे आयुष्य आहे, इतक्या स्वच्छ शब्दांत हे सांगता येते. आमच्या गावांत ते कोणी सांगितले नाही. दोन-तीन एकरांचा धनी आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा अळीला खाऊ घालायला तयार होईल, असे दिल्लीत बसून गृहीत धरले गेले. रेफ्युजीचे पाकीट बांधावर पडून राहिले, किंवा तूट भरायला म्हणून कुठेतरी टोचले गेले. अट कागदावर राहिली आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला कोणी आले नाही. पुढे रेफ्युजीचे बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची सोय झाली, पण ती येईपर्यंत अळी बीटीला सरावली होती.

गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय १ एसीला दाद देत नाही, हे २०१० च्या मार्चमध्ये जाहीर झाले. तोवर २००६ साली मंजूर झालेले दोन जनुकांचे बोलगार्ड-२ बाजारात रुळले होते. त्यामुळे सगळ्यांनी निश्वास सोडला. काही वर्षांत गुलाबी अळी त्यालाही सरावली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. फुले उमलायच्या ऐवजी डोमकळ्या दिसू लागल्या, बोंड वरून निरोगी आणि आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी. अनेकांनी दुसरी वेचणी न करताच उभ्या कपाशीवर नांगर फिरवला.

आता दुसरीकडे पाहा. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी कापूस आहे. हीच गुलाबी बोंडअळी, सुरुवातीला हेच क्राय १ एसी जनुक. तिथल्या शेतकऱ्यांनी जवळजवळ दहा वर्षे रेफ्युजीची अट काटेकोर पाळली. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ दरवर्षी शेतांतून अळ्या गोळा करून त्यांची सहनशीलता तपासत होते. २००६ पासून विमानातून कोट्यवधी वंध्य पतंग सोडले गेले, नर पतंगांना भुलवणाऱ्या मादीच्या वासाचा, म्हणजे कामगंधाचा, वापर झाला, हंगाम संपला की पऱ्हाट्या जमिनीत गाडल्या गेल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. आमचा हंगाम तिने बुडवला त्याच्या पुढच्याच वर्षी. तंत्रज्ञान तेच होते. फरक होता तो परवानगीनंतर कोणीतरी शेतावर जात होते यात. अमेरिकेचा शेतकरी शेकडो एकरांचा असतो, त्याला रेफ्युजी परवडते, हे मला कळते. मग आपल्या दोन एकरांच्या धन्याला परवडेल अशी वेगळी रीत शोधून काढणे हे इथल्या यंत्रणेचे काम होते.

दुसरी चूक बियाण्याच्या प्रकाराची आहे आणि तिच्याविषयी सर्वसामान्य चर्चेत फार थोडे बोलले जाते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथे बीटी जनुक सरळ वाणांत आहे, म्हणजे ज्यांचे बी राखून पुन्हा पेरता येते अशा वाणांत. भारतात ते जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांत आले. त्याचे तीन परिणाम झाले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणजे कंपनीचा धंदा सुरक्षित आणि शेतकऱ्याचा खर्च कायमचा. आमचे संकरित वाण बहुधा लांब मुदतीचे असतात. वऱ्हाडातल्या हलक्या कोरडवाहू जमिनीत ऑक्टोबरनंतर ओल संपते, बोंडे पोसत नाहीत. पाणी असेल तो फरदड घेतो, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवतो, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी असलेली ही कपाशी गुलाबी अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसते. तिसरा परिणाम सगळ्यांत गंभीर आहे. संकरित झाडात बीटी जनुके एकाच पालकाकडून आलेली असतात, म्हणून त्याच्या बोंडातल्या सरकीत ती विभागली जातात. काही बियांत दोन्ही प्रथिने, काहींत एकच, काहींत एकही नाही. गुलाबी अळी नेमकी हीच सरकी खाऊन जगते. एकाच बोंडात तिला पूर्ण विष, अर्धे विष आणि निर्विष असे सगळे मिळाले, तर प्रतिकारशक्ती वाढवायला याहून सोयीची जागा नाही. संकरित वाणांतून बीटी द्यायचे ठरले तेव्हा या गोष्टीचा विचार कोणत्या बैठकीत झाला होता, हे समितीने सांगावे.

सार्वजनिक संस्थेने सरळ वाणाचा प्रयत्न केला नाही असे नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर यांचा बिकानेरी नरमा बीटी हा वाण २००८ मध्ये मंजूर झाला. शेतकऱ्याला घरचे बी राखता आले असते. त्यात मॉन्सँटो या अमेरिकी कंपनीच्या बीटीचा अंश सापडला आणि तो मागे घ्यावा लागला. नंतर काही बीटी सरळ वाण आले, पण दुकानात राज्य संकरितांचेच राहिले. २०१२ पर्यंत मंजूर बीटी संकरित वाणांची संख्या हजाराच्या वर गेली होती. कृषी सेवा केंद्रात उभ्या असलेल्या शेतकऱ्याने हजार नावांतून काय निवडायचे? तो जाहिरात बघतो, शेजाऱ्याला विचारतो, दुकानदार देईल ते घेतो.

बोंडअळीवरची फवारणी घटली तरी रसशोषक किडी वाढल्या. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यावर बीटीचा काहीच परिणाम होत नाही आणि अनेक संकरित वाण तुडतुड्यांना लवकर बळी पडतात. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीने कपाशी झोपवली. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकी संशोधक ग्लेन स्टोन यांनी २०२० साली वीस वर्षांचा लेखाजोखा मांडला, तेव्हा भारतीय शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्याआधीच्या खर्चापेक्षाही वर गेलेला दिसला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, काहींची दृष्टी गेली. ज्या पिकाची ओळख कमी फवारणीचे पीक म्हणून करून दिली होती, त्या पिकात ही माणसे मेली. या मृत्यूंना बीटी थेट कारणीभूत होते असे मी म्हणणार नाही. डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, दमट हवा, दोन-तीन औषधांचे मिश्रण, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, विषावर उतारा कोणता ते दवाखान्याला ठाऊक नाही, अशी कारणे एकत्र आली. पण तंत्रज्ञान दिल्यावर शेतात काय बदलते आहे हे बघणारी व्यवस्था असती, तर फवारण्या पुन्हा वाढत आहेत हे २०१७ च्या आधीच कळले असते.

शेतकरी आत्महत्यांविषयी दोनच वाक्ये. बीटीमुळे आत्महत्या झाल्या हा आरोप आकड्यांवर टिकत नाही, कारण त्या २००२ च्या आधीही होत होत्या. आणि बीटीने त्या थांबल्या असेही झालेले नाही, कारण कर्ज, भाव आणि पाऊस या गोष्टी बियाण्याच्या पाकिटात येत नसतात.

खाण्याच्या सुरक्षिततेवरही थोडक्यात लिहितो, कारण याबाबत लोकांच्या मनात भीती जास्त आणि माहिती कमी आहे. आपण खातो त्या प्रत्येक भाजीत, धान्यात जनुके असतातच आणि ती पचतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून सांगितले की बाजारात असलेल्या जनुकीय पिकांच्या अन्नाने माणसाच्या आरोग्याला अन्य अन्नापेक्षा अधिक धोका असल्याचा पुरावा मिळत नाही. उंदरांना गाठी झाल्याची चित्रे अजून फिरतात, तो २०१२ चा फ्रेंच शोधनिबंध पुढच्याच वर्षी नियतकालिकाने मागे घेतला. मात्र यावरून सगळीच जनुकीय पिके निर्धोक ठरत नाहीत. ब्राझील नटचे जनुक घातलेल्या सोयाबीनमुळे त्या फळाची अॅलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, हे १९९६ मध्ये चाचणीतच उघड झाले आणि ते पीक बाजारात आलेच नाही. प्रत्येक जनुक आणि प्रत्येक पीक स्वतंत्रपणे तपासायचे, हा नियम म्हणूनच योग्य आहे. सरकीचे तेल आणि ढेप यांच्या रूपाने बीटी कापूस आपल्या स्वयंपाकघरात आणि गोठ्यात वीस वर्षांहून अधिक काळ आहे. ग्राहकाला हे समजावून सांगायला कोणी पुढे आले नाही, म्हणून अफवांना रान मोकळे मिळाले.

आता चोरबीटीकडे येतो. हे पत्र लिहायला मला सगळ्यांत जास्त भाग पाडले ते याच विषयाने. तणनाशक सहन करणारा एचटीबीटी कापूस तुम्ही मंजूर केलेला नाही. तरी तो महाराष्ट्र, तेलंगण, गुजरात, आंध्र या राज्यांत मोठ्या प्रमाणावर पेरला जातो, हे तुम्हाला, कृषी खात्याला आणि प्रत्येक तालुक्याच्या दुकानदाराला माहीत आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो उघडपणे पेरला. तेव्हा कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. ती माहीत असताना माणसांनी असे का केले, हा प्रश्न समितीने स्वतःला विचारायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दहा-दहा दिवस डवरा चालत नाही. तण कपाशीच्या डोक्यावर जाते. सगळ्यांना एकाच आठवड्यात निंदणाला बाया हव्या असतात आणि तेवढ्या बाया गावात नसतात. अशा वेळी एका फवाऱ्यात तण जाळणारे बियाणे मिळत असेल, तर शेतकरी त्याला नाही म्हणत नाही. मी त्याला गुन्हेगार मानत नाही.

पण या बियाण्याच्या बाजूनेही मला बोलता येत नाही. चोरून येणाऱ्या बियाण्याला बिल नसते, उगवण झाली नाही तर तक्रार कुठेच करता येत नाही. त्यात बोंडअळीविरोधी जनुक किती आणि कसे आहे हे कोणालाच ठाऊक नसते, रेफ्युजीचा तर प्रश्नच नाही. म्हणजे गुलाबी अळीचा प्रश्न ते आणखी बिघडवते. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात. कापूस गेला तर तूर घर चालवते. या बियाण्यासोबत वापरायचे ग्लायफोसेट हे तणनाशक कपाशीला सोडेल, तुरीला सोडणार नाही. वाऱ्याने उडालेला फवारा शेजाऱ्याच्या सोयाबीनलाही सोडणार नाही. एकाच तणनाशकाचा मारा वर्षानुवर्षे झाला की तणही सरावते. अमेरिकेत पामर अमरँथ नावाच्या राजगिऱ्याच्या कुळातल्या तणाने कापूस आणि सोयाबीनची शेते अशीच व्यापली, पुढे तिथे माणसे लावून खुरपणी करावी लागली. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे मत वेगळे आहे. हा वाद तज्ज्ञांत चालू राहील, पण यवतमाळ घडलेल्या जिल्ह्यांत हे रसायन खुलेपणाने पसरवताना सावधगिरी कोणत्या बाजूला असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या अहवालांत सापडत नाही. भूमिहीन घरांतल्या बायांना पावसाळ्यात मिळणारी मुख्य मजुरी निंदणाची असते. शेतकऱ्याचा खर्च वाचतो तो यांच्याच पदरातून जातो. हा तोटा मोजायचा की नाही, मोजला तर भरपाई कशी, याचा विचार मंजुरीच्या आधी झाला पाहिजे.

२००१ मध्ये गुजरातेत नवभारत १५१ हा विनापरवाना बीटी कापूस हजारो एकरांवर सापडला आणि पुढच्या वर्षी अधिकृत परवानगी आली. चोरबीटीच्या बाबतीत वर्षानुवर्षे हो नाही आणि नाहीही नाही, अशी स्थिती आहे. पेरणी आधी पसरते, निर्णय मागून येतो, हा प्रघात पडला की नियमनाला अर्थ उरत नाही. एचटीबीटी नको असेल तर कारणे देऊन नाकारा आणि बी उत्पादन करणाऱ्या मोठ्या टोळ्यांवर कारवाई करा. दुकानदाराचे चार पाकीट जप्त करून काही होत नाही. हवा असेल तर अटींसह हो म्हणा आणि त्या अटी राबवण्याची जबाबदारी कोणाची ते नावानिशी सांगा. निर्णय न घेण्याची किंमत तुम्ही मोजत नाही, आम्ही मोजतो.

बीटी वांग्याच्या बाबतीत निदान लोकांना विचारले गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये तुम्ही मंजुरी दिल्यावर तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती दिली. वांग्याचा उगम याच भूमीतला, इथे त्याच्या असंख्य जाती, त्यामुळे संकराने त्या बिघडतील का हा प्रश्न रास्त होता. पण स्थगिती म्हणजे अभ्यासासाठी मागितलेला वेळ. त्या वेळात कोणते प्रयोग झाले, काय आढळले, हे लोकांसमोर आलेले नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच तंत्रज्ञान मंजूर केले, तिथे हजारो शेतकरी ते वांगे पिकवतात आणि शेंडे-फळ पोखरणाऱ्या अळीवरची त्यांची फवारणी घटली आहे. शेजारचा अनुभव डोळ्यांसमोर असताना आपण ना हो म्हटले, ना अभ्यास केला.

मोहरीचे तर आणखी अवघड. दिल्ली विद्यापीठाच्या दीपक पेंटल यांच्या गटाने सार्वजनिक पैशातून डीएमएच-११ ही संकरित मोहरी तयार केली. संकर सोपा व्हावा म्हणून बार्नेज आणि बारस्टार ही जनुके, सोबत ग्लुफोसिनेट हे तणनाशक सहन करणारे बार जनुक. २०१६ मध्ये तुम्ही लोकांच्या सूचना मागवल्या, तेव्हा संकेतस्थळावर सारांश होता आणि संपूर्ण दस्तऐवज पाहायचा तर दिल्लीत मंत्रालयात जावे लागत होते. राजस्थानातल्या भरतपूरच्या मोहरीवाल्याने किंवा मधमाश्या पाळणाऱ्याने ते कसे करावे? ऑक्टोबर २०२२ मध्ये तुम्ही पर्यावरणात सोडण्याची शिफारस केली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते या मंजुरीबाबत वेगळी पडली, मात्र जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण ठरवा आणि त्यासाठी सगळ्यांशी बोला, यावर दोघांचेही एकमत होते. ते धोरण हीच या पत्रातल्या मागण्यांची जागा आहे.

जनुक संपादनाने झालेल्या काही प्रकारच्या पिकांना मार्च २०२२ मध्ये तुमच्या कक्षेतून सूट दिली गेली आणि मे २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले. त्यांत बाहेरचे जनुक नाही, त्यामुळे ही सूट मला पटते. पण बियाणे शेतात गेल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवण्याची गरज कक्षा बदलल्याने संपत नाही.

तर माझे मागणे असे. प्रत्येक मंजुरी ठरावीक मुदतीची असावी आणि मुदतवाढ शेतातल्या पुराव्यावर मिळावी, कंपनीच्या अर्जावर नव्हे. बोंडअळीची सहनशीलता कृषी विद्यापीठे आणि नागपूरची संस्था तपासतातच. ते निकाल दरवर्षी जिल्हावार, पेरणीच्या आधी, मराठीत आणि प्रत्येक राज्याच्या भाषेत जाहीर व्हावेत, म्हणजे एप्रिलमध्ये बियाणे घेतानाच कोणत्या भागात बीटी गुलाबी अळीवर चालत नाही हे आम्हाला कळेल. कापसातले पुढचे कोणतेही जनुक आधी कमी मुदतीच्या सरळ वाणात द्यावे, दाट लागवडीने डिसेंबरपूर्वी शेत मोकळे होईल असे. बियाण्याच्या दाव्याप्रमाणे परिणाम मिळाला नाही, तर भरपाई कोण देणार हे मंजुरीपत्रातच लिहिलेले असावे. चाचण्यांची मूळ आकडेवारी सारांशाविना, पूर्ण स्वरूपात खुली असावी. परवानगीनंतरच्या देखरेखीसाठी वेगळा निधी असावा आणि तो बियाणे विक्रीवरच्या शुल्कातून यावा. ही कामे तुमच्या समितीच्या अधिकारात बसत नसतील, तर ज्यांच्या अधिकारात बसतात त्या मंत्रालयांना बांधून घेण्याची अट मंजुरीलाच जोडा. ती जोडता येत नसेल तोवर मंजुरी थांबवा.

एचटीबीटीवर निर्णय घेण्याआधी एक जाहीर सुनावणी यवतमाळ किंवा अकोल्यात घ्या, आणि ती उन्हाळ्यात नको, जुलैत घ्या, कपाशीत तण माजलेले असताना. त्या सुनावणीला बियाणे कंपन्या येतील, शेतकरी संघटना येतील, पर्यावरणवाले येतील. निंदणाला जाणाऱ्या बायांचा एक दिवसाचा रोज भरून देऊन त्यांनाही बोलवा, आणि त्यांना पहिल्यांदा बोलू द्या.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
वऱ्हाडातील एक कापूस उत्पादक